मिनिटाला दहा थेंब

"बेल मार, बेल! सावद्याची बाई उतरायची राहिली!"

म्हातारा खाटेवर अर्धवट उठून ओरडत होता. एकाने त्याचे खांदे धरले होते, दुसऱ्याने डावा पाय. उजवा पाय मात्र कोणाला आवरत नव्हता. तो पुन्हा पुन्हा हवेत दाबला जात होता, ब्रेक शोधत असल्यासारखा.

"नाना, गाडी नाही ही. दवाखाना आहे," खांदे धरलेला मुलगा म्हणाला.

"दवाखाना मागे गेला. आता थेट फैजपूर."

शेजारच्या खाटेवरचा पेशंट फिसकन हसला. मी हसले नाही. हसायलाही अंगात काहीतरी लागतं. तो माझा सलग तेरावा दिवस होता. माझ्याबरोबरच्या दोन सिस्टरांपैकी एक बाळंतपणाला गेलेली, दुसरी लग्न होऊन नोकरी सोडून गेलेली. सकाळी सातला मी वॉर्डात शिरायचे आणि आठ वाजता दिवे लागल्यावर बाहेर पडायचे.

सत्त्याण्णव सालचा मे महिना होता. केळीच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, ट्रस्टचा साठ खाटांचा दवाखाना. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा आणि आत निम्म्या खाटा उन्हाने पडलेल्या माणसांच्या. हा म्हातारा तसाच असेल, असं मला आधी वाटलं. पण अंग गरम नव्हतं. जीभ ओली होती. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर बसत होती. पाणी कमी पडलेल्या माणसाची ही लक्षणं नव्हेत. आणि तरी तो भ्रमिष्टासारखा बोलत होता.

"असं कधीपासून?" मी विचारलं.

"चार दिवस," मुलगा म्हणाला. लीलाधर त्याचं नाव, शाळेत मास्तर होता. "एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. आधी नुसतं डोकं दुखतंय म्हणायचे, मळमळतंय म्हणायचे. मग हे सुरू झालं. गावातले म्हणाले, वेड लागलं. बहीण म्हणाली, बाहेरचं काही असेल. मी म्हटलं, आधी दवाखाना."

तो बोलत असतानाच नानांचे डोळे वर गेले, दातखीळ बसली आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. मी त्यांना कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला आणि आयाला डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टर टेंभेकर आमच्याकडे नवेच आले होते. तरुण, सडपातळ, बोलायला कमी. त्यांनी आकडी थांबवायचं इंजेक्शन दिलं, रक्त घेऊन स्वतः लॅबमध्ये गेले आणि अर्ध्या तासाने कागद घेऊन परत आले.

"सोडियम एकशे सहा, सिस्टर."

रक्तातलं हे मीठ निरोगी माणसाचं एकशे पस्तीसच्या वर असतं. एकशे सहाचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तीन टक्क्यांची सलाईन लागली. नेहमीच्या सलाईनपेक्षा तिच्यात तिप्पट-चौपट मीठ असतं. पहिलं थोडं डॉक्टरांनी भरभर सोडलं, आकडी पुन्हा येऊ नये म्हणून. मग नळीवरचं चाक आवळून त्यांनी घड्याळ बघत थेंब मोजले.

"मिनिटाला दहा. अकरासुद्धा नको. चोवीस तासांत सोडियम आठ-दहाच्या वर चढता कामा नये. दर तासाला थेंब मोजायचे, लघवी मोजायची, बोलणं बघायचं. दुपारी तीनला परत रक्त."

"हो सर."

लघवीची पिशवी लावून झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. मी केसपेपर घेऊन बसले. जेवणखाण, औषधं, आधीचे आजार, सगळं विचारून लिहायचं असतं. लीलाधर म्हणाला, "ते माझ्या मिसेसला विचारा. नानांचं सगळं तीच बघते." आणि तो बहिणीला आणायला स्टँडवर गेला.

सून खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती. सिंधू. चाळिशीच्या आतबाहेरची, नऊवारी नाही पण पदर डोक्यावर, पाय सुजलेले. मी बोलावल्यावर भिंतीला हात टेकत उठली.

"काही गोळ्या चालू होत्या?"

तिने पदराच्या गाठीतून रिकामं पाकीट काढून दाखवलं. लघवी जास्त करवणारी ब्लडप्रेशरची गोळी. तीन महिन्यांपूर्वी कुठल्याशा डॉक्टरने लिहून दिलेली.

"जेवण?"

"जेवणाचं मी लय सांभाळलं, सिस्टर," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा उजळला. चार दिवसांत पहिल्यांदाच कोणी तिला तिच्या कामाचं विचारत असावं. "डॉक्टर बोलले, मीठ कमी करा. मी म्हटलं, कमी कशाला, बंदच करते. त्याईची भाजी वेगळी, भाकर वेगळी. तीन महिन्यांत मिठाचा खडा पडू दिला नाही. लोणचं फळीवरून काढून टाकलं. ऊन सुरू झालं तसं तासातासाले तांब्याभर पाणी देत होती. नको म्हणायचे, तरी मी पाजायची."

मी खाली मान घालून लिहीत होते. अंगाचं सगळं वजन पायांत उतरल्यासारखं झालं होतं. समोर अजून सात केसपेपर पडले होते. मान वर न करता मी म्हणाले,

"मग दुसरं काय होणार, बाई? मिठाशिवाय माणूस जगतो का? तुम्हीच आणलंत त्यांना इथपर्यंत."

थोड्या वेळाने तिने बाटलीकडे बोट केलं.

"त्याच्यात काय हाय?"

"मीठच. पोटात गेलं नाही ते आता शिरेतून देतोय."

"मंग शुद्धीवर येतील?"

"येतील."

मी पुढच्या खाटेकडे गेले.

अकरा वाजता थेंब मोजले, दहा. पिशवी पाहिली, ठीक. पावणेबाराला बालविभागातून बोलावणं आलं. जुलाबाने सुकून गेलेलं एक वर्षाचं पोर, शीर सापडत नव्हती. तिथून आले तो बायकांच्या वॉर्डात एकीला चक्कर आली. मग जेवणं, मग दुपारची औषधं. बाराचे आणि एकचे थेंब मी मोजले नाहीत. दोनचेही नाहीत. मनात होतं, आता जाते, आता जाते.

अडीचला नानांच्या वॉर्डाकडून मोठा आवाज आला. धावत गेले तर काय, नाना उशीला टेकून बसले होते. डोळे स्वच्छ. हातात कपबशी.

"हे कोण?" माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं.

"सिस्टर आहेत, नाना," लीलाधर म्हणाला. "तुमचं सगळं यांनीच केलं."

"बस पोरी. चहा घे."

नानांची मुलगी प्रमिला भुसावळहून येऊन पोचली होती. ती एकदा हसत होती, एकदा डोळे पुसत होती. "मला ओळखलं त्यांनी. माझ्या धाकट्याचं नाव घेतलं!" शेजारच्या खाटेवरचे लोकही येऊन उभे राहिले होते. कोणीतरी बत्तासे वाटत होतं. लीलाधर वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला, तशी मी मागे सरले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही बरं वाटलं. तेरा दिवसांत एखादं माणूस असं उठून बसलेलं पाहिलं नव्हतं.

मग माझी नजर खाटेखाली गेली. लघवीची पिशवी तट्ट फुगली होती. मी वाकून ती उजेडात धरली. आत लघवी नव्हतीच जणू, नळाचं पाणी होतं. रंग नाही, काही नाही. शरीर पाणी भसाभस बाहेर टाकत होतं. मी वर पाहिलं. जी बाटली रात्रीपर्यंत पुरायला हवी होती तिच्या तळाशी दोन बोटं उरली होती, आणि नळीवरचं चाक पूर्ण उघडं होतं.

मी ते घट्ट आवळलं.

"याला कोणी हात लावला?"

"कोणी नाही," प्रमिला म्हणाली. "आम्हाला काय कळतं त्यातलं?"

लीलाधर अजून हसतच होता. "काय झालं सिस्टर? संपली का? दुसरी लावा ना."

सगळे नानांकडे बघत होते. एकटी सिंधू बाटलीकडे बघत होती.

मी पिशवी मोजायच्या निमित्ताने बाहेर आले. ती मागोमाग आली. व्हरांड्याच्या टोकाला, धुण्याच्या टाकीपाशी तिने मला गाठलं.

"मी फिरवलं ते चाक, सिस्टर."

"कधी?"

"बाराचा भोंगा झाला तवा. लय हळू पडत होतं. मी बघत बसली होती. एक थेंब पडला की दुसरा पडेस्तोवर जीव जायचा. म्हटलं, तीन महिन्यांचं बाकी राहिलंय, असं कवा पुरं होणार? माझ्याच हातानं बंद झालं होतं, माझ्याच हातानं..." ती थांबली. "पण बरे झाले ना? बसले ना उठून?"

तिला वाटत होतं तिने वाचवलं. आणि डोळ्यांना दिसत होतं तेही तसंच.

"घरात कोणाला बोललात?"

"नाही. नणंदबाई मघाशीच बोलून गेल्या, वहिनीनं मीठ तोडलं म्हणून बापाचं असं झालं. आता हे कळलं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "काही वंगाळ झालं का, सिस्टर?"

"आत जाऊन बसा," मी म्हणाले. "मी डॉक्टरांना बोलावते."

टेंभेकर आले, बाटली पाहिली, पिशवी पाहिली आणि एक शब्द न बोलता रक्त घेऊन गेले. येईपर्यंत वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत नानांनी अर्धी चपाती मागून खाल्ली, आणि मी दाराशी उभी राहून कागदावर लघवीचे आकडे मांडत होते. ते नीट दिसत नव्हते.

"एकशे एकोणीस," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. आम्ही दोघं ड्युटी-रूममध्ये होतो. लीलाधर मागून आला होता, त्याला त्यांनी आत घेतलं. "सहा तासांत तेरा चढलं. दिवसभरात जितकं चढू द्यायचं त्याहून जास्त."

"चढलं म्हणजे चांगलंच ना?" लीलाधर म्हणाला. "ते शुद्धीवर आले."

"मास्तर, नीट ऐका. सोडियम हळूहळू उतरलं तेव्हा त्यांच्या मेंदूने त्या कमी मिठाशी कसंबसं जमवून घेतलं. आता ते एकदम वाढलं, तर मेंदूतलं पाणी झपाट्याने बाहेर येतं आणि आतल्या नाजूक भागाला इजा होते. ती आज दिसत नाही. आज माणूस बसतो, बोलतो, जेवतो. तीन-चार दिवसांनी त्याची जीभ जाते. मग हातपाय. मग तो नुसता बघत पडून राहतो, कायमचा."

लीलाधरने काचेतून नानांच्या खाटेकडे पाहिलं.

"आपल्याला ते परत खाली आणायला हवं. आत्ता. साखरेच्या पाण्याची सलाईन लावू. त्याने ते पुन्हा गुंगीत जातील, कदाचित पुन्हा बडबडतील. ते चालेल." मग ते माझ्याकडे वळले. "चाक कधी उघडलं गेलं, हे मला कळायला हवं. नेमकी वेळ. त्यावर मी पुढचा हिशोब करणार."

"बारा वाजता," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

लीलाधर माझ्याकडे बघत होता. काचेतून मला त्याच्यापलीकडची खाट दिसत होती, नाना दिसत होते आणि त्यांच्या पायाशी बसलेली ती.

"बाराला मीच थेंब मोजायला गेले होते," मी म्हणाले. "घाईत होते. आवळायच्या ऐवजी सैल केलं. परत बघायला गेलेच नाही."

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले. "लेखी द्या," म्हणाले. "आधी सलाईन."

ती लावताना लीलाधर माझ्या शेजारी उभा होता. तासाभरापूर्वी हाच माणूस माझ्या पाया पडायला वाकला होता.

"बरा झालेला माणूस तुम्ही पुन्हा आजारी पाडणार," तो म्हणाला. "तुमच्या चुकीपायी."

"हो," मी म्हणाले.

"हो काय? लाज नाही वाटत?"

मी सुईची पट्टी नीट केली. प्रमिलाने मग जे बोलायला सुरुवात केली ते वॉर्डभर ऐकू जात होतं. हिला काढून टाका, हिच्यावर केस करा, पगार कशाचा घेतात या. शेजारच्या खाटेवरचे लोक माना हलवत होते. मघाशी वाटलेले बत्तासे अजून कोणाकोणाच्या हातात होते.

सिंधू उठून उभी राहिली. तिचे ओठ हलले. मी तिच्याकडे बघून मान नकारार्थी हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कोणाच्या लक्षात येऊ नये. ती परत खाली बसली.

पाचच्या सुमारास नानांचे डोळे मिटायला लागले. चहाचा कप ओठांशी धरला तर गिळायचं विसरले. सहा वाजता ते पुटपुटायला लागले, कंडक्टरला हाक मारत, गाडी मागे घ्यायला सांगत. प्रमिला हंबरडा फोडून रडली. लीलाधर तडक डॉक्टरांकडे गेला: "आत्ता डिस्चार्ज द्या. मी जळगावला नेतो. इथं एक मिनिट ठेवायचे नाहीत."

"दीड-दोन तासांचा रस्ता आहे," टेंभेकर म्हणाले. "गाडीत थेंब कोण मोजणार? ही रात्र ठेवा. उद्या सकाळी मी स्वतः तुमच्याबरोबर येतो, हवं तर."

"विश्वास कोणावर ठेवायचा?"

तेव्हा सिंधू बोलली. सासऱ्याच्या खाटेपाशी, नवऱ्यासमोर, नणंदेसमोर आणि एका परक्या डॉक्टरसमोर ती इतकं बोलेल असं त्यांच्यातल्या कोणालाच वाटलं नसावं.

"नानाले कुठं नेऊ नका," ती म्हणाली. "इथंच राहू द्या. या सिस्टरच्या हाताखालीच राहू द्या."

"तू गप बस," प्रमिला म्हणाली.

"मी सांगते ना. न्यायचं नाही." आणि तिने खाटेचा लोखंडी पाय धरला, कोणी उचलायला आलंच तर जणू.

लीलाधर तिच्याकडे बघत राहिला. मग खांदे पाडून स्टुलावर बसला.

त्या दिवशी मी घरी गेले नाही. नऊला रक्त झालं, एकशे सोळा. पहाटे एकशे चौदा. डॉक्टरांनी पहिल्यांदा श्वास सोडला. तिथून पुढे चार दिवस आम्ही त्यांना अगदी हळू वर आणलं, दिवसाला सहा, दिवसाला सात. मी दर तासाला थेंब मोजत होते, लघवी मोजत होते, आणि दर वेळी तेच विचारत होते: नाना, जीभ बाहेर काढा. नाना, माझा हात दाबा. दाबा अजून. बोटं मोजा. तिसऱ्या दिवशी त्यांनी जीभ काढली तेव्हा ती सरळ होती. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "ही पोरगी सारखी जीभ काय बघते? मी काय बैल आहे बाजारातला?" मी व्हरांड्यात जाऊन टाकीच्या कठड्यावर बसले आणि पाच मिनिटं उठले नाही.

आठव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. नाना काठी टेकत चालत गेले. डॉक्टरांना त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कार केला. लीलाधर माझ्याजवळून गेला तो समोर बघत. प्रमिला म्हणाली, "देवाने वाचवलं, तुम्ही नाही." सिंधू सगळ्यांच्या मागे होती, डोक्यावर गाठोडं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

दुपारी भालेराव मेट्रनने मला बोलावलं. टेबलावर मेमो होता. निष्काळजीपणा, पेशंटच्या जिवाला धोका, एक वर्षाची वेतनवाढ बंद.

"वाच आणि सही कर, तायडे."

मी पेन उचललं.

"बारा वाजता तू बालविभागात होतीस," मेट्रन म्हणाल्या. "त्या पोराचा हात मी धरला होता आणि तू शीर शोधत होतीस. पाऊण तास."

मी पेनाचं टोपण काढलं.

"ती बाई परवा आली होती माझ्याकडे. सगळं सांगून गेली. म्हणाली, मेमो माझ्या नावाने काढा."

"मग हा कशाला काढलात?"

"तू तीन तास त्या खाटेकडे फिरकली नाहीस, ते खरं की खोटं?"

"खरं."

"मग तो त्याच्यासाठी आहे, असं समज." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मी तिला विचारलं, बाई, तुझ्या मनात हे चाक फिरवायचं आलं कुठून? तर म्हणाली, मीच त्याईले तिथवर आणलं होतं ना. मी म्हटलं, असं कोण म्हणालं? तेवढं मात्र तिने सांगितलं नाही. तक्रार केली नाही तुझी. पण ते खरंच आहे, असं तिला अजून वाटतंय."

मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

रविवारी मला सुट्टी मिळाली, एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी. दुपारपर्यंत झोपायचं ठरवलं होतं. सातलाच उठले आणि खिरवाडीची गाडी धरली. केसपेपरवर पत्ता होता.

घर केळीच्या बागेला लागूनच होतं. नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते. लीलाधर घरी नव्हता, ते बरंच झालं. सिंधू मागच्या दारी भांडी घासत होती. मला बघून तिने राखेचे हात तसेच धरून ठेवले.

"सिस्टर? नानाले काही..."

"नानांना काही नाही. तुमच्याशी बोलायला आले."

तिने हात धुतले. मला पाट टाकला. स्वतः उभीच राहिली.

"मी त्या दिवशी तुम्हाला म्हणाले, तुम्हीच आणलंत त्यांना इथपर्यंत," मी म्हणाले. "ते खोटं होतं. त्या गोळीने लघवीवाटे मीठ जातं. ती सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं असतं, ते कोणी तपासलं नाही. मीठ कमी म्हणजे किती कमी, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. उन्हात पाणी पाजलंत, कोणीही पाजलं असतं. मीसुद्धा पाजलं असतं. तुमची चूक नव्हती."

ती ऐकत होती. चेहरा हलला नाही.

"आणि बाटली हळू का सोडायची, हेही मी सांगायला हवं होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. तुम्ही हात लावला नसता."

"नसता लावला," ती म्हणाली.

कौलावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. ओट्यावरून पेपर उलटल्याचा आवाज आला.

"मग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

दुसरं काहीतरी बरं उत्तर सापडतंय का, ते मी बघितलं. नव्हतं.

"थकले होते," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग माझ्या समोर, जमिनीवरच, पाय लांब करून बसली. पाय अजून सुजलेलेच होते.

"चार रात्री मी त्याईले धरून बसली होती," ती म्हणाली. "गाडीतून उतरू नका, नाना, उतरू नका, असं म्हणत. मी बी थकलीच होती, सिस्टर."